आईचं कोण करतं

– नाही, ती तसं म्हणालीच नाही असं मी कुठे म्हणतेय? म्हणाली. माझ्यासमोर म्हणाली, फोनवर, आणि इतकं स्वच्छ म्हणाली की अर्धांगवायू झाल्यापासून तिच्या तोंडून एवढं स्वच्छ वाक्य मी ऐकलं नव्हतं. पण ती म्हणाली म्हणजे तिला तसंच म्हणायचं होतं, हे तुम्ही आणि माझ्या भावाने परस्पर ठरवून टाकलंत ना, तिथे माझं अडतं. बसा ना. किती वेळ उभ्या राहाल – त्या बाकावर नको, त्याचा पाय डुगडुगतो, इकडे खुर्चीत बसा. भेटवते ना मी आईला, नाही कुठे म्हणतेय? तिचा आत्ताच जरा डोळा लागलाय. एकटीला भेटायचंय तर एकटीला भेटा. तुमच्या वृद्धाश्रमाचा नियमच आहे म्हटल्यावर – म्हाताऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने 'येते' म्हटल्याशिवाय तुम्ही कोणाला नेत नाही, आणि विचारताना घरच्यांना बाहेर बसवता – चांगला नियम आहे, मला आवडला. घरची माणसं समोर असली की म्हातारी माणसं मनातलं बोलत नाहीत, असंच ना? माझी आई बोलते. माझ्यासमोर न बोलण्यासारखं काय आहे तिच्याकडे? चहा घ्या, निवेल.

हा फळा बघताय ना, तो मुद्दामच पुसला नाही मी. तुम्ही येणार म्हणून पुसायला घेतला होता, मग म्हटलं राहू दे, तुम्हाला दाखवता येईल. 'लुक आफ्टर.' मी इंग्रजी शिकवते – साहित्य वगैरे नाही हं, ते शाळेत शिकवायचे, शाळा सोडली आईसाठी – इथे या बायका येतात, त्यांना परदेशात जायचं असतं म्हाताऱ्या माणसांच्या सेवेला, तिथले लोक पडद्यावरून मुलाखत घेतात, त्या मुलाखतीपुरतं इंग्रजी. आज सगळ्या मुलाखतीलाच गेल्यात, म्हणून हा शुकशुकाट, नाहीतर तुम्हाला इथे पाय ठेवायला जागा मिळाली नसती. तर, मुलाखतीत काहीही विचारू देत, फिरून फिरून गाडी या दोन शब्दांवर येते. लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. दोन्ही जोडले की अर्थ काय होतो? नंतर बघू – असा नाही होत, तसा होत असता तर आमच्या दादाला तो जन्मतःच आला असता. अर्थ होतो सांभाळणं. इंग्रजीत अशी जोडपी फार, लग्न झालं की दोघांचाही मूळ स्वभाव जातो. आणि आफ्टरच्या जागी दुसरं कोणी आणून बसवलं की संसार मोडलाच. लुक फॉर म्हणजे शोधणं. मागच्या बॅचची एक आहे – आधी कपडे शिवायची म्हणून आम्ही तिला शिवणवालीच म्हणतो, हातात फार माया आहे तिच्या – ती पहिल्या मुलाखतीत त्या साहेबिणीला ठणकावून सांगून आली, 'मी तुमच्या आईला शोधीन.' साहेबीण घाबरली म्हणे, आई हरवली की काय. हसा, हसा. आम्हीही हसलो. आई तर आत इतकी हसली की ठसका लागला तिला. हो, कळलं ना तिला. – म्हणजे, आम्ही हसलो म्हणून हसली असेल. तिला काय कळणार त्यातलं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण नजर गेली तुमची – आतलं दार असं सताड उघडं का. ते उघडंच असतं. लावतच नाही आम्ही, लाकूड फुगलंय आता त्याचं. क्लासचा निम्मा भाग आत होतो. आधी आम्ही चिंध्यांची बाहुली केली होती, माणसाएवढी. तिला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, चमच्याने भरवायचं, आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी ती इंग्रजीत सांगायची – तिकडे कायदाच आहे तसा, न सांगता माणसाला हात लावायचा नाही. 'मी आता तुम्हाला कुशीवर वळवणार आहे, चालेल ना?' आता बाहुली काय बोलणार, कप्पाळ? एक दिवस तिचा पायच निखळून शिवणवालीच्या हातात आला, हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली, आणि कोणीतरी म्हणालं, मॅडम, आजींवर करून बघू का. मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात आई आतून म्हणाली, 'या की गं.' आजारी पडल्यापासून तिने पहिल्यांदा कोणाला तरी या म्हटलं होतं. मग मी कोण नाही म्हणणार? तेव्हापासून सकाळची बॅच अंघोळ घालते, केस विंचरते. दुपारची बॅच भरवते, अंथरूण बदलते, कूस बदलून देते. सगळं बोलून, विचारून. आणि आई काही त्या बाहुलीसारखी पडून राहत नाही. 'यस, प्लीज.' 'थँक यू, सिस्टर.' सगळ्यांना सिस्टर. तोंडाकडे बघावंही लागत नाही तिला, हात लागला की थँक यू, सिस्टर. उच्चार तर माझ्या निम्म्या बायकांपेक्षा बरा. तुमच्याकडे इतकं बोलणार आहे का कोणी तिच्याशी? राग मानू नका, पण तुमच्याकडे एका बाईच्या वाट्याला किती म्हाताऱ्या येतात? इथे एका म्हातारीच्या वाट्याला अख्खा क्लास आहे.

पुस्तकात या दोन शब्दांसमोर अर्थ छापलाय – काळजी घेणे. मी पहिल्याच दिवशी तो खोडायला लावते. काळजी दादाही घेतो. तिकडे परदेशात बसून, दर रविवारी, जेवण झाल्यावर. काळजीला हात लागत नाहीत. आपल्यात कसं विचारतात? 'आईचं कोण करतं?' काय करतं, हे विचारावंच लागत नाही. करतं म्हणजे सगळं आलं – भरवणं, पुसणं, धुणं, भांडं देणं, भांडं टाकणं, आणि ते झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून. 'तिने सासूचं खूप केलं हो' – झालं, मेल्यावर बाईबद्दल याहून चांगलं कोणी बोलत नाही. आणि मुलग्याबद्दल काय म्हणतात, आठवा. 'मुलगा बघतो हो आईकडे.' बघतो. नुसतं बघण्यावर भागतं त्याचं. मी बायकांना सांगते, मुलाखतीत लुक आफ्टर म्हणाल तेव्हा डोक्यात 'करते' हा शब्द ठेवा, म्हणजे चेहऱ्यावर आपोआप बरोबर भाव येतो. साहेबिणींना तो भाव फार आवडतो. घेतात लगेच.

अजून एक उपयोग आहे त्याचा. निरोप घेताना म्हणतात – 'लुक आफ्टर युवरसेल्फ.' जपून राहा, तब्येतीला सांभाळ, असं प्रेमाने म्हणतात. मी वर्गात तसंच शिकवते. दादाही फोन ठेवताना दर वेळी म्हणतो मला, आईचं बोलणं झाल्यावर, अगदी शेवटी. आता तो म्हणतो प्रेमानेच, मी नाही म्हणत नाही. पण माझ्या कानापर्यंत येता येता त्याचं आपल्या भाषेत होतं – तुझं तू बघ. मग मी बघते माझं. फोन ठेवते, फळा पुसते, उद्याची वाक्यं लिहिते. वहिनी पडद्यावर त्याच्यामागून हात हलवतात. त्यांच्या स्वतःच्या आईला तिकडेच एका संस्थेत ठेवलंय, छान बाग आहे म्हणे, आणि एक कामवाली बाई आहे, आपल्याच भाषेतली, फार माया करते. मला वाटतं माझीच असणार एखादी. विचारलं नाही मी. विचारून काय करायचं – माझ्या आईवर शिकून गेलेली बाई वहिनींच्या आईचं करते, हे कळून कोणाला बरं वाटणार आहे?

हं, तो फोन. सांगते ना. तेच तर सांगायला बसलेय. आमची शिकवायची एक पद्धत आहे. कुठलंही क्रियापद आलं की त्याची तीन वाक्यं करायची – एक होकाराचं, एक नकाराचं, एक प्रश्नाचं. सगळ्यांनी एका सुरात म्हणायची, तोंडात बसेपर्यंत. त्या आठवड्यात हेच चाललं होतं. बघा ना फळ्यावर, माझंच अक्षर आहे. 'माझी मुलगी माझं करते.' 'माझं कोणी करत नाही.' 'तुमचं कोण करतं?' – माय डॉटर लुक्स आफ्टर मी, नोबडी लुक्स आफ्टर मी, हू लुक्स आफ्टर यू. आठवडाभर घुमत होतं घरात. आणि आई आतून म्हणायची, सगळ्यांच्या वर आवाज तिचा. शेजारचे विचारायला आले, पाळणाघर काढलंत का म्हणून. त्या रविवारी दादाचा फोन आला. मी फोन नेहमीसारखा उशीवर ठेवला, आवाज मोठा करून. तो गमतीने म्हणाला, काय आई, इंग्रजी शिकतेस म्हणे, बोल की काहीतरी. आणि ती छताकडे बघत म्हणाली, 'नोबडी लुक्स आफ्टर मी.'

बस. एवढंच. पाठ केलेलं वाक्य, मॅडम. पोपट म्हणतो तसं. मी लगेच पुढे होऊन सांगितलं त्याला, अरे, ही क्लासमधली वाक्यं आहेत, असं मी शिकवते, फळ्यावर लिहिलंय. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, 'मी काहीतरी करतो.' बघा हं – आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, करतो. आणि काय केलं? तुम्हाला फोन केला. आईला विचारलं नाही, मला विचारलं नाही. एका पाठ केलेल्या वाक्यावर म्हातारीचं घर बदलायला निघाला. मुलाखतीत माझी बाई 'शोधीन' म्हणाली तर साहेबिणीने निदान पुन्हा विचारलं, म्हणजे काय म्हणून. याने पुन्हा विचारलंही नाही.

काय म्हणालात? – तीन होती, हो. तीन वाक्यं. तिन्ही पाठ होती तिला. पहिलंही पाठ होतं. – आता मधलंच का निघालं तिच्या तोंडून, ते मी काय सांगू? छोटं आहे म्हणून असेल. शेवटचं ऐकलेलं असेल. पोपटाला विचारतं का कोणी, हाच शब्द का म्हणालास? मी नाही विचारलं तिला. विचारायला काय झालं होतं, विचारलं असतं – पण माझ्याशी ती हल्ली फारसं बोलतच नाही. दिवसभर इंग्रजी बोलून थकते ना. संध्याकाळी बायका गेल्या की भिंतीकडे तोंड करून पडून राहते. मी दारातून विचारते, काही हवंय का, ती मान हलवते, नाही. मग मी दिवा मालवते. भांडणबिंडण काही नाही आमचं.

तुम्ही विचारा ना तब्येतीचं, जे विचारायचं ते विचारा. गोळ्या – गोळ्या सकाळची बॅच देते. कुस्करून की पाण्याबरोबर, हे – कुस्करूनच देत असतील. पाठीला? नाही, जखम वगैरे नाही कुठे, असती तर शिवणवाली बोलली असती, तिची फार बारीक नजर आहे. कोणती कूस सोसते... उजवी. डावी. थांबा हं, उजवी बाजू गेलीय ना तिची, म्हणजे – ते शिवणवालीला विचारायला हवं. उद्या येईल ती, तिलाच विचारू. नाही हो, असं नाही की मला माहीत नाही. मी रोज असते ना तिथे. दारात उभी असते, या इथे, चौकटीला टेकून, सगळं दिसतं मला इथून. कोणीतरी वाक्यं तपासायला नको? एकजण अंग पुसत असते, मी इथून सांगते, 'विल' नको, 'गोइंग टु' म्हण. मी स्वतः हात लावायला गेले तर बायका शिकणार कधी? मी अंघोळ घातली त्याला किती दिवस झाले – आता तेवढं कसं लक्षात राहील? घातलीय ना. पहिली दोन वर्षं सगळं मीच केलं. कोणी नव्हतं तेव्हा. शाळा सोडून, माझं स्वतःचं जे काही ठरत आलं होतं ते मोडून – तो विषय नाही आजचा. तेव्हा ती मला शिव्या द्यायची. पाणी गरम झालं, पाणी गार झालं, तुझे हात टोचतात, तुला येत नाही. एकदा चमचा फेकला होता माझ्या अंगावर. आणि मग या आल्या, आणि यस प्लीज, आणि थँक यू, सिस्टर. मला कधी थँक यू म्हणाली नाही हो ती. कुठल्याच भाषेत नाही. आपल्यात म्हणत नाहीत, खरं आहे, घरच्या माणसाला कोण आभार मानतं. मी काही त्यासाठी बसले नव्हते.

क्लासचं काय होईल म्हणजे? – अच्छा. म्हणजे क्लाससाठी मी आईला ठेवून घेतलीय, असं म्हणायचंय तुम्हाला. दादाही असंच म्हणाला असेल. एक बाहुली शिवायला किती वेळ लागतो? शिवणवाली एका दिवसात शिवून देईल, या वेळी पाय घट्ट लावायला सांगेन. माझं नाही अडत. अडतं तर या बायकांचं अडतं. त्यांचं सांगू? परवा नवीन एक आली, घरी सासू पडून आहे तिच्या, उठता येत नाही. मी विचारलं, तू इथे दिवसभर असतेस, सासूचं कोण करतं? तर हसत हसत, छान उच्चारात म्हणते कशी – 'नोबडी, मॅडम.' सगळ्या टाळ्या पिटून हसल्या. मीही शाबास म्हटलं, वाक्य बरोबर होतं ना. मग ती आत गेली आणि माझ्या आईचे पाय चेपत बसली. इतक्या हळुवार चेपत होती, आणि तोंडाने इंग्रजी चालूच – दुखतंय का, बरं वाटतंय का. इकडे सासू शेजारणीच्या भरवशावर. हे असं आहे सगळं. या गल्लीतल्या सुना-मुली उद्या तिकडे जातील, तिकडच्यांच्या आयांचं करतील, त्यासाठी माझ्या आईवर हात बसवतात, आणि त्यांच्या आयांचं करायला कोणी नाही, आणि तिकडे ज्यांच्या आयांचं करतात त्यांची मुलं रविवारी फोन करत असतील, लुक आफ्टर युवरसेल्फ. मी काय करू? मी भाषा शिकवते. लोक जे बोलणार आहेत ते त्यांनी बिनचूक बोलावं, एवढंच माझ्या हातात.

ऐकू आलं का तुम्हाला? चमच्याचा आवाज. वाटीवर चमचा वाजवते ती, कूस बदलायची झाली की. कोण आहे गं आत, जा बरं, आजींना –

कोणी नाही आज. विसरलेच.

नाही, तुम्ही नका उठू. बसा. तुमची सवयीची कामं आहेत ती, कळतंय मला, पण तुम्ही अजून पाहुण्या आहात. मी जाते. आईच आहे माझी. आले हं. चहा संपवा तोवर.

– आले. झालं. वळवली. भिंतीकडे तोंड होतं तिचं, तसंच होतं, मी मागून हात घातला पाठीखाली. सांगून करायचं असतं, मीच शिकवते, न सांगता हात लावायचा नाही. पण तोंडच उघडेना. कुठल्या भाषेत सांगायचं तेच सुचेना. आई, मी तुला वळवते, एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हणता आलं. जड झालीय. नाही, हलकी झालीय, मला वाटलं होतं त्याहून खूप हलकी आहे. एकदम ओढली गेली माझ्याकडून, डोकं उशीवरून घसरलं, मग सावरलं मी.

ऐकलंत ना तुम्ही? इथवर आलं असेल. थँक यू, सिस्टर.

ते नव्हे. त्याच्या पुढचं. ते हळू म्हणाली ती, आपल्या भाषेत, तुम्हाला नसेल आलं ऐकू. 'नवी आलीस का गं? हात बसेल हळूहळू. घाबरू नको.'

डोळे उघडून बघितलंही नाही तिने. मीही नाही सांगितलं.

जा तुम्ही आत. जागी आहे ती. काय विचारायचं ते विचारा, पण आपल्या भाषेत विचारा – इंग्रजीत विचारलंत तर ती पाठ केलेलंच सांगेल. मी इथेच आहे, फळा पुसते तोवर. आणि ते दार – जरा जोर लावावा लागेल, सवय नाही त्याला – लावून घ्या.